डेक्सामेथासोन एका कॅन्सरला मारतं आणि दुसऱ्याला वाचवतं, ते कसं? न्यूक्लिअर रिसेप्टर आणि पेशीमरण, जरा सविस्तर

प्रश्न असा आलाय: पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला गाइडने सांगितलंय की एक न्यूक्लिअर रिसेप्टर (हार्मोन किंवा औषध धरून जीन्स चालू-बंद करणारं प्रोटीन) निवड आणि त्याने कॅन्सरच्या पेशीत अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचं ठरवून होणारं मरण, होतो हे दाखव. तिने वाचायला घेतलं तर एका पेपरात ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (ज्यावर डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स बसतात) ल्युकेमियाच्या पेशी मारतो, दुसऱ्यात तोच रिसेप्टर ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींना केमोपासून वाचवतो, तिसऱ्यात इस्ट्रोजेन पेशी वाढवतं आणि चौथ्यात इस्ट्रोजेननेच पेशी मरतात. मग हे रिसेप्टर मारणारे का वाचवणारे, आणि निवडायचा कुठला?

माझं बरंचसं काम ल्युकेमियाच्या आणि हार्मोनवर चालणाऱ्या सेल लाइन्सवर झालंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की रिसेप्टरला स्वतःचा असा काही स्वभाव असतो. माणसात ४८ न्यूक्लिअर रिसेप्टर आहेत आणि बहुतेकांचा साचा सारखाच: मधे डीएनएला धरणारा भाग, त्यात दोन झिंक फिंगर, आणि पुढे लिगँड, म्हणजे रिसेप्टरवर बसणारा रेणू, बसायची खोबण. हार्मोन किंवा औषध खोबणीत बसलं की शेवटची हेलिक्स, ती बारा नंबरची, जागा बदलते आणि त्यावर कोॲक्टिव्हेटर (जीन चालू करणारी साथीदार प्रोटीन्स) बसतात नाहीतर कोरिप्रेसर (बंद करणारी), आणि त्यानुसार जवळचे जीन्स चालू होतात किंवा बंद होतात. बस. रिसेप्टर हा हुकूम लिहिणारा कारकून आहे, फाशी देणारा नाही, ते काम खाली मायटोकॉन्ड्रियावर होतं. तिथे बीसीएल-२ कुटुंब बसलेलं असतं, बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१ हे वाचवणारे, बॅक्स आणि बॅक हे भोक पाडणारे, आणि बिम, प्यूमा, नोक्सा वगैरे छोटी प्रोटीन्स जी वाचवणाऱ्यांना अडकवून ठेवतात. भोक पडलं की सायटोक्रोम सी बाहेर, मग अपाफ-१, कॅस्पेज-९, कॅस्पेज-३ आणि पेशी संपली. बाहेरून डेथ रिसेप्टर आणि कॅस्पेज-८ वाला दुसरा रस्ता आहे पण आपल्या विषयात बहुतेक वेळा गाडी शेवटी ह्याच मायटोकॉन्ड्रियावर येते.

म्हणून "हा रिसेप्टर मारतो का" हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा की ह्या पेशीत ह्या रिसेप्टरला कुठले जीन्स उघडे सापडतात, आणि पेशीचं बीसीएल-२ चं पारडं आधीच कुठे झुकलेलं आहे. पेपर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात त्यातले निम्मे तरी इथेच सुटतात.

ग्लुकोकॉर्टिकॉइडपासून सुरुवात करू कारण तिथे चित्र सगळ्यात स्वच्छ आहे. आणि इतिहासही तिथलाच, अपॉप्टोसिस हे नाव १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी दिलं आणि १९८० मध्ये वायलीने दाखवलं की थायमसच्या पेशींना स्टिरॉइड दिलं की डीएनएचे ठराविक मापाचे तुकडे पडतात, जेलवर ती शिडी दिसते ना, तीच. म्हणजे अपॉप्टोसिसची बायोकेमिस्ट्री सुरूच झाली ती एका न्यूक्लिअर रिसेप्टरपासून, हे लोक विसरतात.

आता लिम्फॉइड पेशीत नक्की होतं काय? डेक्सामेथासोन आत जातं, रिसेप्टर एचएसपी९० ह्या सांभाळणाऱ्या प्रोटीनच्या कॉम्प्लेक्समधून सुटून न्यूक्लियसमध्ये जातो, आणि बिमच्या जीनमधे एका इंट्रॉनमधल्या जागेवर बसतो. बिम वाढतो, सोबत बऱ्याचदा बीसीएल-२ कमी होतो, आणि पारडं फिरतं. गंमत अशी की बिमची ती जागा लिम्फॉइड पेशीतच उघडी असते, इतर पेशीत क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रोटीन्स) तिथे बंद असतं, म्हणजे रिसेप्टर तोच, औषध तेच, पण हुकूम लिहायला कागदच मिळत नाही. स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या एएलएलमध्ये (लिम्फॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया) पण काही ठिकाणी हीच जागा मिथायलेशनने, म्हणजे डीएनएवर मिथाइल गट बसून, बंद झालेली सापडली आहे, रिसेप्टर मात्र ठणठणीत. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन आहे का ते दाखवणारी चाचणी) रिसेप्टरचा बँड दिसला म्हणजे पेशी संवेदनशील आहे असं समजू नका, ही चूक मी इतक्या थिसीसमध्ये बघितली आहे की आता आश्चर्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट, हे मरण हळू असतं. उंदराच्या थायमसच्या पेशी काही तासांत जातात पण सीईएमसारख्या ल्युकेमियाच्या सेल लाइनमध्ये पहिले चोवीस तास जवळजवळ काहीच दिसत नाही, पेशी जी-१ मध्ये, म्हणजे विभाजनाच्या तयारीआधीच्या टप्प्यात, थांबतात, आकार जरा लहान होतो, आणि खरं मरण त्यानंतर सुरू होतं. कारण उघड आहे, आधी जीन चालू व्हायला हवा, मग प्रोटीन बनायला हवं, मग ते साठायला हवं. ॲक्टिनोमायसिन किंवा सायक्लोहेक्सिमाइड टाकून ट्रान्सक्रिप्शन किंवा प्रोटीन बनणं थांबवलं की मरणही थांबतं. ही टेस्ट जुनी आहे, स्वस्त आहे आणि अजूनही उपयोगी आहे. सहा तासांत रीडिंग घेऊन "डेक्साचा परिणाम नाही" असं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगायचं की थांबा जरा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ज्या उंदरांत पी५३ (डीएनए बिघडल्यावर पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रोटीन) नाही त्यांच्या थायमसच्या पेशी रेडिएशनला मरत नाहीत पण स्टिरॉइडला मात्र नेहमीसारख्या मरतात. म्हणजे हा रस्ता पी५३ ला वळसा घालून जातो. म्हणूनच सीएलएलमध्ये (लिम्फोसाइटचा हळू वाढणारा ल्युकेमिया) १७पी डिलीशन असलेल्या, म्हणजे पी५३ गमावलेल्या रुग्णांत नेहमीची केमो हरायची तेव्हा हाय-डोस मिथाइलप्रेडनिसोलोन वापरलं जायचं आणि ते काम करायचं. पुढे व्हेनेटोक्लॅक्सला २०१६ मध्ये अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली ती ह्याच १७पी वाल्या सीएलएलसाठी, ते थेट बीसीएल-२ च्या खाचेत बसतं, म्हणजे तेही पी५३ च्या खालच्या पायरीवर.

दवाखान्यात ह्याचा वापर किती सरळ आहे बघा. लहान मुलांच्या एएलएलच्या बीएफएम पद्धतीच्या प्रोटोकॉलमध्ये पहिले सात दिवस प्रेडनिसोन आणि मणक्यात मेथोट्रेक्सेटचा एक डोस देतात आणि आठव्या दिवशी रक्तात ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या अपक्व पेशी, मोजतात, दर मायक्रोलिटरला १००० च्या खाली गेले तर गुड रिस्पॉन्डर, नाही गेले तर पुअर, आणि पुअर असेल तर उपचार कडक करतात. म्हणजे खरंतर त्या मुलाच्या शरीरातच एका न्यूक्लिअर रिसेप्टरचा अपॉप्टोसिस ॲसे चालू असतो. रिलॅप्समध्ये मग रिसेप्टरच्या जीनमध्ये म्युटेशन किंवा डिलीशन काही रुग्णांत सापडतं, क्रेबबीपी हा कोॲक्टिव्हेटर बिघडलेला सापडतो, आणि एक मजेशीर प्रकार म्हणजे काही ल्युकेमियात कॅस्पेज-१ जास्त असतो आणि तो ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरलाच कापून टाकतो. कॅस्पेज म्हटलं की आपण मारणाराच समजतो, इथे तो पेशीला वाचवतोय.

आता तोच रिसेप्टर ब्रेस्टच्या एपिथेलियल पेशीत घ्या. बिमची ती जागा बंद, पण एसजीके१ आणि डीयूएसपी१ हे जीन्स उघडे. एसजीके१ हा एकेटीच्या नात्यातला काइनेज, तो जगण्याचे सिग्नल देतो, डीयूएसपी१ मॅप काइनेजचा फॉस्फेट काढतो आणि केमोने दिलेला मरणाचा सिग्नल मंद होतो. लॅबमध्ये डेक्सा आधी देऊन मग पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध दिलं की ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या) पेशी कमी मरतात. ट्यूमरमध्ये बघितलं तर ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हा रिसेप्टर जास्त असणं वाईट, आणि ईआर पॉझिटिव्हमध्ये जास्त असणं चांगलं, कारण तिथे तो इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या कामात हस्तक्षेप करतो. एकाच अवयवात एकाच रिसेप्टरचे दोन उलटे अर्थ. प्रोस्टेटमध्ये तर अजून पुढे, २०१३ मध्ये दाखवलं गेलं की एन्झालुटामाइडने अँड्रोजेन रिसेप्टर दाबून ठेवला की काही ट्यूमरमध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर वाढतो आणि अँड्रोजेन रिसेप्टरचे बरेचसे जीन्स तो स्वतः चालवायला लागतो. डीएनएवर ह्या दोघांच्या बसायच्या जागा इतक्या सारख्या आहेत की एकाची खुर्ची रिकामी झाली की दुसरा बसतो.

(हे वाचून कुणी रुग्ण किंवा नातेवाईक केमोसोबत उलटीसाठी दिलेलं डेक्सा बंद करू नका. लॅबमधला निष्कर्ष आणि उपचाराचा निर्णय ह्यात खूप अंतर आहे, आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर ॲड्रिनल ग्रंथी दगा देते. डॉक्टरशी बोला.)

इस्ट्रोजेन रिसेप्टरकडे येऊ. एमसीएफ-७ ह्या ब्रेस्ट कॅन्सरच्या सेल लाइनमध्ये इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) दिलं की बीसीएल-२ वाढतो, हे नीट सिद्ध झालेलं आहे, म्हणजे इथे रिसेप्टर वाचवणारा. टॅमॉक्सिफेन हे रिसेप्टर अडवणारं औषध दिलं की बीसीएल-२ उतरतो, पण तेवढ्याने पेशी धडाधड मरतात असं नाही, मुख्य परिणाम जी-१ मध्ये थांबण्याचा आहे. म्हणूनच गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. आणि एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवा, ब्रेस्ट ट्यूमरमध्ये बीसीएल-२ जास्त असणं हे चांगलं लक्षण मानतात, कारण ते रिसेप्टर नीट काम करत असल्याची खूण आहे. "बीसीएल-२ जास्त म्हणजे वाईट" हे लिम्फोमामधून उचललेलं वाक्य इथे लावलंत तर व्हायवाला अडकाल.

आणि आता तुमचा चौथा पेपर, इस्ट्रोजेननेच पेशी मरतात तो. हे खरं आहे आणि जुनं आहे. १९४४ मध्ये हॅडो आणि सहकाऱ्यांनी वाढलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये कृत्रिम इस्ट्रोजेन दिलं आणि काही जणींचे ट्यूमर खरंच लहान झाले, टॅमॉक्सिफेन येईपर्यंत डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन हाच पाळी गेलेल्या बायकांसाठी नेहमीचा हार्मोनल उपचार होता. अट एक, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली हवीत. क्रेग जॉर्डनच्या गटाने नंतर हे सेल लाइनमध्ये उभं केलं: एमसीएफ-७ दीर्घकाळ इस्ट्रोजेनशिवाय वाढवा, बहुतेक पेशी मरतील, ज्या उरतील त्या इस्ट्रोजेनशिवाय वाढायला शिकतील, आणि मग त्यांना थोडंसं इस्ट्रॅडिऑल दिलं की त्या मरतात. कारण उपाशी राहून त्यांनी आपली सगळी यंत्रणा बदललेली असते, मग अचानक रिसेप्टर पूर्ण ताकदीने चालू झाला की एंडोप्लाझमिक रेटिक्युलमवर ताण येतो, पर्क नावाचा सेन्सर पेटतो आणि शेवटी बिम आणि बॅक्सपर्यंत गोष्ट जाते. २००९ मध्ये अरोमाटेज इनहिबिटरला (शरीरात इस्ट्रोजेन बनणं थांबवणारी औषधं) दाद न देणाऱ्या ६६ बायकांवर ट्रायल छापून आली, रोज ६ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल आणि ३० मिलिग्रॅम असे दोन गट, दोन्हीकडे साधारण २८-२९ टक्के जणींना फायदा झाला, आणि ६ मध्ये त्रास कमी. म्हणजे रिसेप्टरचा अर्थ फक्त पेशीच्या प्रकारावर नाही तर त्या पेशीने आधी काय भोगलंय त्यावरही ठरतो. मला ह्या सगळ्या विषयात हा भाग सगळ्यात आवडतो.

एमसीएफ-७ चा विषय निघालाच आहे तर एक व्यावहारिक गोष्ट. ही सेल लाइन निवडणार असाल तर तिच्यात कॅस्पेज-३ नाहीच. जीनच्या तिसऱ्या एक्झॉनमधून ४७ बेस उडालेले आहेत, १९९८ पासून माहीत आहे. तरी दरवर्षी कुणीतरी क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ ची महागडी अँटिबॉडी मागवतं, ब्लॉट कोरा येतो, मग ट्रान्सफर बिघडलं म्हणून आठवडाभर बफर बदलत बसतं. ह्या पेशी मरतात पण कॅस्पेज-७ वर मरतात, पार्प हे प्रोटीन कापलं जातं, ११६ किलोडाल्टनचा बँड उतरून ८९ चा येतो, तो बघा. डीएनएची शिडी मात्र नीट दिसत नाही, तिच्यासाठी कॅस्पेज-३ लागतो. सोबत पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून दुसरी कुठली तरी लाइन स्टॉरोस्पोरिन देऊन चालवा म्हणजे अँटिबॉडी चांगली का पेशी वेगळी हे एका ब्लॉटमध्ये कळतं.

अँड्रोजेनवर थोडक्यात. हगिन्सने १९४१ मध्ये दाखवलं की अँड्रोजेन काढलं की प्रोस्टेट कॅन्सर मागे हटतो, १९६६ चं नोबेल त्यालाच. केर आणि सर्ल यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्रोस्टेटमध्ये, म्हणजे रॅटच्या, कॅस्ट्रेशननंतर पेशी अपॉप्टोसिसने जातात हे वर्णन केलं. पण निरोगी प्रोस्टेटमध्ये जेवढ्या जोमाने हे होतं तेवढं कॅन्सरमध्ये होत नाही, तिथे बऱ्याच पेशी मरण्याऐवजी झोपून राहतात आणि नंतर उठतात, कधी रिसेप्टर वाढवून, कधी एआर-व्ही७ हे रिसेप्टरचं तोकडं रूप बनवून, ज्याला लिगँडची खोबणच नसते त्यामुळे एन्झालुटामाइड बसणार कुठे. इस्ट्रोजेनसारखाच उलटा प्रकार इथेही आहे, कॅस्ट्रेशनला सरावलेल्या रुग्णाला महिन्यातून एकदा ४०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन पातळी आकाशाला भिडवायची आणि मग पडू द्यायची, त्याला बायपोलर अँड्रोजेन थेरपी म्हणतात, काही जणांत चालते, अजून ट्रायलच्या पातळीवर आहे.

पेशीमरण म्हणजे फक्त अपॉप्टोसिस असं धरून बसू नका, हेही सांगतो. फेरोप्टोसिस, म्हणजे लोहामुळे पटलातली चरबी सडून होणारं मरण, त्यावरही ह्या रिसेप्टरचा हात आहे. २०२३ मध्ये दाखवलंय की इस्ट्रोजेन रिसेप्टर एमबीओएटी१ आणि अँड्रोजेन रिसेप्टर एमबीओएटी२ हे जीन्स चढवतात आणि ते पेशीला फेरोप्टोसिसपासून वाचवतात. म्हणजे हार्मोन थेरपी देऊन हे कवच काढलं आणि वर फेरोप्टोसिस घडवणारं काही दिलं तर दोन्ही मिळून जास्त मारतील, निदान उंदरांत तरी तसं दिसलंय. नवीन विषय हवा असेल तर इथे जागा आहे.

रेटिनॉइक ॲसिडची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण अर्धी. एपीएलमध्ये (ॲक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया) १५ आणि १७ क्रोमोसोमची अदलाबदल होऊन पीएमएल-आरएआरए हे जोडप्रोटीन (पीएमएल अधिक आरएआर, म्हणजे रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर) तयार होतं, ते कोरिप्रेसर इतकं घट्ट धरून ठेवतं की शरीरातलं नेहमीचं रेटिनॉइक ॲसिड त्याला हलवू शकत नाही. औषधाच्या डोसमध्ये दिलं, म्हणजे मायक्रोमोलरच्या आसपास, की कोरिप्रेसर सुटतात, पेशी पिकतात, न्यूट्रोफिल होतात आणि मग आपल्या मरणाने मरतात. वांग झेनयी यांच्या शांघायच्या गटाने १९८८ मध्ये २४ रुग्णांचा अहवाल दिला, जवळजवळ सगळे एकट्या ह्या औषधावर रेमिशनमध्ये गेले, मज्जा रिकामी न होता. मरणाचा भागही आहे, रेटिनॉइक ॲसिडने ट्रेल हे डेथ लिगँड चढतं हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. पण एकट्या रेटिनॉइक ॲसिडने रोग परत यायचा. खरा फरक पडला तो आर्सेनिक ट्रायऑक्साइड जोडल्यावर, ते पीएमएलच्या बाजूला चिकटून सगळं जोडप्रोटीनच प्रोटिआसोमकडे पाठवतं. २०१३ च्या ट्रायलमध्ये कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांत हे दोन मिळून दोन वर्षांचं इव्हेंट-फ्री सर्व्हायव्हल ९७ टक्के, आणि रेटिनॉइक ॲसिड अधिक केमोला ८६. ह्यातून माझ्या मते शिकायचं ते हे की रिसेप्टर "चालू" केल्याने पेशी पिकल्या, पण रोग बरा झाला तो रिसेप्टर नष्ट केल्याने. ११ आणि १७ ची अदलाबदल असेल, पीएलझेडएफ वाली, तर रेटिनॉइक ॲसिड चालत नाही कारण पीएलझेडएफ स्वतःच कोरिप्रेसर धरून बसतो, तिथे आरएआरला कितीही पटवा.

आता नर७७, म्हणजे एनआर४ए१. मी वर म्हटलं की रिसेप्टर फक्त हुकूम लिहितो, हा त्याला अपवाद. थायमसमध्ये स्वतःच्याच शरीरावर चालून जातील अशा टी पेशी काढून टाकताना हा लागतो, १९९४ पासून माहीत होतं, आणि सगळ्यांना वाटत होतं की हा पण जीन्स चालू करूनच मारत असणार. २००० साली शियाओकुन झांग यांच्या लॅबने दाखवलं की कॅन्सरच्या पेशीत काही औषधं दिल्यावर हा न्यूक्लियस सोडून बाहेर येतो आणि सरळ मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतो, सायटोक्रोम सी बाहेर पडतं, डीएनएला धरायची गरजच नाही. २००४ मध्ये पुढचा तुकडा आला, तो बीसीएल-२ च्या लूपवाल्या भागाला चिकटतो आणि बीसीएल-२ चा आकार असा बदलतो की आत दडलेला बीएच३ भाग उघडा पडतो, आणि वाचवणारा बीसीएल-२ मारणारा होतो. म्हणजे ज्या ट्यूमरने जगण्यासाठी बीसीएल-२ भरून ठेवलाय त्याचाच साठा त्याच्यावर उलटवायचा. पुढे नर७७ मधला नऊ अमिनो ॲसिडचा पेप्टाइडसुद्धा हे करू शकतो असं निघालं.

मग हा औषधाचा बादशाह का झाला नाही? एक तर ह्या कुटुंबात लिगँडची खोबण मोठ्या साइड चेननी बुजलेली आहे, २००३ मध्ये त्यातल्याच नर१ ची रचना आली तेव्हा स्पष्ट दिसलं, त्यामुळे तिथे नेहमीसारखं औषध बसवणं अवघड. सायटोस्पोरोन बी वगैरे चिकटतात असे रेणू सापडलेत पण गोळीपर्यंत गाडी गेली नाही. दुसरं म्हणजे हाही दोन तोंडांचा आहे. न्यूक्लियसमध्ये राहिला तर बऱ्याच सॉलिड ट्यूमरमध्ये तो वाढीलाच मदत करतो, आणि उलट ज्या उंदरांत नर७७ आणि नॉर-१ दोन्ही काढले त्यांना जन्मानंतर काही आठवड्यांतच एएमएल (मायलॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया) झाला, म्हणजे रक्तात तो ट्यूमर अडवणारा. तेव्हा नर७७ वर काम करायचं तर "किती आहे" मोजून भागत नाही, "कुठे आहे" ते बघावं लागतं, म्हणजे मायक्रोस्कोप, फ्रॅक्शनेशन, आणि न्यूक्लियसचा भाग स्वच्छ निघालाय हे दाखवायला लॅमिन आणि मायटोकॉन्ड्रियाला कॉक्सफोर, दोन्ही ब्लॉट.

पीपीएआर गॅमाबद्दल मी जरा कडू बोलणार आहे. ग्लिटाझोन (ह्या रिसेप्टरवर बसणारी डायबिटीसची औषधं) टाकलं आणि पेशी मेल्या असे शेकडो पेपर आहेत. पण डोस बघा. रोझिग्लिटाझोन रिसेप्टरला काही दहा नॅनोमोलरला बसतं, आणि पेशी मारायला लोक २०, ५० मायक्रोमोलर घालतात, म्हणजे हजार पट. तिथे रिसेप्टरचा संबंध असेलच असं नाही. ट्रोग्लिटाझोनचा एक भाऊ बनवला गेला, डेल्टा-२ वाला, जो रिसेप्टर चालूच करत नाही, तरी तो पेशी मारतो, बीसीएल-२ आणि बीसीएल-एक्सएल ला जाऊन अडवतो. टॅमॉक्सिफेनचंही तेच, दहा मायक्रोमोलरला ईआर नसलेल्या पेशीही मरतात. फेनरेटिनाइड नावाने रेटिनॉइड आहे पण मारतं मुख्यतः सेरामाइड आणि ऑक्सिडेटिव्ह ताणातून. लिपोसार्कोमामध्ये ट्रोग्लिटाझोनने पेशी चरबीच्या पेशींसारख्या पिकतात हे १९९९ मध्ये रुग्णांत दिसलं होतं आणि ते खरं रिसेप्टरचं काम होतं, पण २००० मध्ये यकृताच्या त्रासामुळे औषधच बाजारातून गेलं.

व्हिटॅमिन डी चा प्रश्न कुणीतरी विचारणारच. कॅल्सिट्रिऑलने लॅबमध्ये पेशी थांबतात, मरतात, पण तेवढी पातळी शरीरात आणायची तर आधी कॅल्शियम वाढतं. आणि व्हायटल ट्रायलमध्ये २५,८७१ लोकांत रोज २००० युनिट देऊन कॅन्सर होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. पुढे चला. आरएक्सआर ह्या आणखी एका न्यूक्लिअर रिसेप्टरवर बसणारं बेक्झारोटीन १९९९ पासून त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाला मंजूर आहे, ट्रायग्लिसराइड आणि थायरॉइड सांभाळत द्यावं लागतं, तोही छोटा कोपरा आहे.

तर तुमच्या प्रोजेक्टला. रिसेप्टरने मारलं असं लिहायचं असेल तर मी परीक्षक म्हणून हे शोधीन: लिगँडचा डोस रिसेप्टरला बसायच्या पट्ट्यात आहे का (डेक्साला १०० नॅनोमोलर भरपूर), अँटॅगॉनिस्टने मरण थांबतं का (मिफेप्रिस्टोन वापरलंत तर ते प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरलाही अडवतं हे लिहा), आणि रिसेप्टर नॉकआउट केल्यावर तेच औषध त्याच डोसला निरुपयोगी होतं का. हे तिसरं नसेल तर बाकी कितीही रंगीत ग्राफ असोत, मी सही करणार नाही. मग बिम किंवा जो कुठला मधला जीन म्हणाल तो नॉकडाउन करून मरण वाचतं का ते.

आणि एमटीटी कमी आला म्हणजे पेशी मेल्या असं नाही, ती चाचणी पेशींचं चयापचय मोजते, वाढ थांबलेल्या पेशीही कमी रंग देतात, आणि हार्मोनच्या कामात वाढ थांबणं हाच तर मोठा भाग आहे. ॲनेक्सिन आणि पीआय (मरणाऱ्या पेशी रंगवून मोजायची पद्धत) करा, चिकटून वाढणाऱ्या पेशी असतील तर ट्रिप्सिन हलक्या हाताने, जास्त वेळ ठेवलं की पटल फाटून खोटे पॉझिटिव्ह येतात, आणि ज्या पेशी आधीच तरंगत आहेत त्या मीडियासोबत फेकू नका, मेलेल्या नेमक्या त्याच असतात. कॅस्पेज अडवणारं झेडव्हॅड टाकून मरण थांबतं का ते बघा, नाही थांबलं तर अपॉप्टोसिस हा शब्द लिहायच्या आधी फेरोस्टॅटिन आणि नेक्रोस्टॅटिन (फेरोप्टोसिस आणि नेक्रोप्टोसिस हे मरणाचे दुसरे प्रकार अडवणारे) पण लावून बघा.

इस्ट्रोजेनचं काम असेल तर मीडियातला फिनॉल रेड काढा, तो स्वतः थोडा इस्ट्रोजेनसारखा वागतो, १९८६ पासून माहीत असलेली गोष्ट आहे, आणि सीरम चारकोलने धुतलेलं घ्या, नाहीतर तुमच्या "हार्मोन नसलेल्या" कंट्रोलमध्ये हार्मोन असतंच. ल्युकेमिया आणि डेक्साचं काम असेल तरी साध्या सीरममध्ये कॉर्टिसोल असतं हे धरून चला.

निवडायचंच तर मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर आणि एएलएल सांगीन, सीईएमच्या डेक्साला मरणाऱ्या आणि न मरणाऱ्या दोन बहिणी लाइन्स मिळतात, औषध स्वस्त, रस्ता माहीत, आणि व्हेनेटोक्लॅक्स सोबत देऊन बिम कुणाला धरून बसलाय, बीसीएल-२ ला का एमसीएल-१ ला, हा खरा उघडा प्रश्न तुमच्या हातात येतो. गाइडला नवीन काही हवं असेल तर फेरोप्टोसिस आणि अँड्रोजेन रिसेप्टर. नर७७ तेव्हाच घ्या जेव्हा लॅबमध्ये चांगला कॉन्फोकल आहे आणि त्यावर तुमचा नंबर आठवड्याला लागतो. पीपीएआर गॅमा मात्र नॉकआउट लाइन हातात आल्याशिवाय सुरूच करू नका.